रोजगाराची खतावणी : युरोप आपल्या नोकऱ्यांवर नजर कशी ठेवतो?

दुकान वाढवण्यापूर्वी आपण रोजमेळ लिहितो. गल्ल्यात किती आले, उधारीत किती गेले, गोदामात किती तागे शिल्लक राहिले, हे पाहिल्याशिवाय व्यापाऱ्याला झोप लागत नाही. पण कोणी विचारले की, "तुमच्या बाजारात आज किती हातांना काम आहे? गेल्या वर्षी याच महिन्यात किती होते?" तर आपण सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतो. मालाचा हिशेब आहे, पैशाचा हिशेब आहे, पण माणसाच्या रोजीचा हिशेब आपल्यापाशी नाही.

युरोपातील देशांनी हा हिशेब ठेवण्याची एक पद्धत बसवली आहे. कारखाने बंद पडतात, नवे निघतात, मंदी येते, साथ येते. त्यात कोणाची नोकरी गेली, कोणाची टिकली आणि का, याची तेथे नोंद होते. ती पद्धत या लेखात समजून घेऊ.

"तिकडच्या नोकऱ्यांशी आम्हाला काय करायचे आहे?" असे काही बंधू म्हणतील. आम्हीही एके काळी तसेच म्हणत होतो. २००८ सालच्या दिवाळीच्या सुमाराची गोष्ट. सूत देऊन मजुरीवर टॉवेल विणून घ्यायचे आणि ते एका निर्यातदाराला द्यायचे, हा आमचा धंदा. माल युरोपला जात असे. त्या वर्षी त्या गृहस्थांनी माल उचलण्यात टाळाटाळ सुरू केली. "थोडे थांबा, तिकडून निरोप आला नाही," एवढेच ते म्हणत. आम्हाला वाटले, यांची नियत फिरली. आम्ही नको ते बोललो. शिवाय भाव वाढेल या आशेने उधारीवर सूत भरून ठेवले. तीन महिन्यांनी कळले की तिकडे लोकांच्या नोकऱ्या जात होत्या, दुकानांनी खरेदी थांबवली होती आणि हे गृहस्थ खरेच बोलत होते. तोवर आमचे सूत उतरत्या भावाने गेले आणि ज्यांच्या मागांवर आमचा माल विणला जात होता, त्यांना रिकामे बसावे लागले. चूक आमची होती. आम्ही रोज सुताचा भाव वाचत होतो, पण जो गिऱ्हाईक शेवटी टॉवेल विकत घेणार, त्याच्या पगाराची खबर आम्ही कधी घेतली नव्हती. तेव्हापासून आम्ही ती घेऊ लागलो. हा लेख त्याच वाचनाचे फळ आहे.

१. सुरुवात कोठून झाली?

२७ फेब्रुवारी १९९७. बेल्जियमची राजधानी ब्रसेल्सच्या शेजारी व्हिलव्हॉर्ड नावाचे गाव आहे. तेथे रेनो या फ्रेंच मोटार कंपनीचा कारखाना होता. त्या दिवशी कंपनीने तो बंद करण्याची घोषणा केली. सुमारे ३,१०० कामगारांना ही बातमी अचानक कळली. कारखाना जुनाट नव्हता, कामगार आळशी नव्हते. कंपनीला एकूण खर्च कमी करायचा होता, एवढेच कारण.

युरोपात कायदा तेव्हाही होता. सामूहिक कामगारकपातीपूर्वी कामगारांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी आणि सरकारी कचेरीला कळवावे, असा नियम १९७५ पासून लागू आहे. अनेक देशांत कारखाने असलेल्या मोठ्या कंपन्यांनी कामगारांची मध्यवर्ती समिती नेमावी, असा दुसरा नियम १९९४ साली झाला. असे असूनही व्हिलव्हॉर्डची बातमी विजेसारखी कोसळली. फ्रान्स, बेल्जियम आणि स्पेनमधील रेनोचे कामगार एकाच वेळी रस्त्यावर आले. सल्लामसलत न केल्याबद्दल न्यायालयाने कंपनीला दोषी धरले. पण कारखाना बंद झाला तो झालाच.

यातून एक प्रश्न उभा राहिला : अशा गोष्टी आधी दिसत का नाहीत? युरोपीय संघाने व्होल्वो कंपनीचे माजी प्रमुख पेहर यिलेनहामर यांच्या अध्यक्षतेखाली एक अभ्यासगट नेमला. त्याने १९९८ साली अहवाल दिला. उद्योगांतील बदलांवर सतत नजर ठेवणारे एक केंद्र असावे, अशी त्यात शिफारस होती. त्यानुसार २००१ साली असे केंद्र सुरू झाले. ते यूरोफाउंड या संस्थेत आहे. ही संस्था युरोपीय संघाने १९७५ साली स्थापन केली आणि तिची कचेरी आयर्लंडच्या डब्लिन शहरात आहे. तिच्या कारभारी मंडळावर सरकारे, मालकांच्या संघटना आणि कामगार संघटना असे तिन्ही पक्ष बसतात. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हिशेब एकाच पक्षाने लिहिला तर दुसरा तो मानत नाही.

या सगळ्या व्यवस्थेत तीन वह्या आहेत, असे आपण आपल्या भाषेत समजू.

२. पहिली वही : घोषणांची नोंद

ही वही २००२ साली सुरू झाली. प्रत्येक देशात केंद्राचे वार्ताहर आहेत. ते रोज वर्तमानपत्रे आणि कंपन्यांची निवेदने वाचतात. एखाद्या कंपनीने किमान १०० नोकऱ्या कमी करण्याची किंवा नव्या देण्याची घोषणा केली की तिची नोंद होते. २५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी किमान १० टक्के कामगारांवर परिणाम होणार असेल, तरीही नोंद होते. कंपनीचे नाव, गाव, धंदा, नोकऱ्यांचा आकडा, घोषणेची तारीख आणि कारण, एवढे सगळे त्यात येते.

यात कारणाचा रकाना सर्वांत मोलाचा. दिवाळे निघाले काय? कारखाना बंद झाला काय? दुसऱ्या कंपनीत विलीन झाला काय? काम बाहेर कंत्राटाने दिले काय? परदेशात हलवले काय? की त्याच जागी राहून माणसे कमी केली? या शेवटच्या प्रकाराला ते 'अंतर्गत पुनर्रचना' म्हणतात.

आता गंमत पाहा. युरोपातील सामान्य माणसाला विचारले तर तो म्हणेल, "आमच्या नोकऱ्या चीन आणि हिंदुस्थानने नेल्या." पण वही वेगळे सांगते. घोषित झालेल्या नोकरकपातीत परदेशी काम हलवण्याचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी आहे. सर्वांत मोठा वाटा अंतर्गत पुनर्रचनेचा आहे. म्हणजे नवे यंत्र, नवी पद्धत, घटलेली मागणी, खर्चाची काटकसर. बोभाटा एका कारणाचा आणि काम दुसऱ्याच कारणाचे. बाजारात ऐकलेल्या गोष्टीवर जाऊ नये, वही उघडावी, असे जुने व्यापारी म्हणत ते याचसाठी.

काम हलवले जाते तेव्हा ते नेहमी दूरच जाते असेही नाही. २००८ च्या जानेवारीत नोकिया कंपनीने जर्मनीतील बोखुम येथील मोबाइलचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे २,३०० कामगार होते. काम रुमानियातील क्लुज शहराजवळ गेले. बोखुमचे लोक रुमानियावर रागावले. पण २०११ साली नोकियाने क्लुजचा कारखानाही बंद केला. ज्याच्या हाती काम आले, त्याच्याही हाती ते टिकले नाही.

दुसरे उदाहरण. २००९ च्या जानेवारीत डेल कंपनीने आयर्लंडमधील लिमरिक येथील संगणक बनवण्याचे काम पोलंडला नेण्याचे जाहीर केले. तेथे सुमारे १,९०० नोकऱ्या गेल्या. पोलंडमध्ये हे काम ज्या शहरात गेले त्याचे नाव वूच. नकाशात आपण ते 'लोड्झ' असे वाचतो. हे शहर कापड गिरण्यांचे. त्याला पोलंडचे मँचेस्टर म्हणत. १९८९ नंतर तेथील राजवट बदलली, रशियाची बाजारपेठ गेली आणि गिरण्या बसल्या. तेथील एका मोठ्या जुन्या गिरणीच्या आवारात २००६ साली आलिशान बाजारसंकुल सुरू झाले. मुंबईत लोअर परळच्या फिनिक्स मिलचे काय झाले हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. तात्पर्य, एका गावाचे नुकसान दुसऱ्या गावाच्या भरपाईत दिसते. म्हणून दोन्ही एकाच वहीत लिहिणे भाग आहे.

३. दुसरी वही : घरोघरची पाहणी

पहिली वही मोठ्यांची आहे. शंभरांहून कमी माणसांचे कारखाने, दुकाने, कारागीर तिच्यात येत नाहीत. शिवाय घोषणा म्हणजे अंमल नव्हे. हजार जणांना काढू म्हणणारी कंपनी सहाशेंवर थांबते, तर कधी तेराशेंवर जाते. म्हणून दुसरी वही लागते. ती म्हणजे श्रमशक्ती पाहणी. प्रत्येक देशाचे सांख्यिकी खाते काही घरे नमुन्यादाखल निवडते आणि वर्षभर माणसांना ठरावीक प्रश्न विचारते. लक्झेंबर्ग येथील युरोस्टॅट कचेरी सगळ्या देशांचे आकडे एका मापाने मांडते.

येथे व्याख्या नीट समजून घ्या, कारण आकड्यांची सगळी गडबड तेथेच होते. ज्याने त्या आठवड्यात मोबदल्यासाठी एक तास जरी काम केले, तो 'कामावर' धरला जातो. बेकार कोण? ज्याला काम नाही, ज्याने गेल्या चार आठवड्यांत काम शोधले आहे आणि जो दोन आठवड्यांत कामावर रुजू होऊ शकतो, तो. जो थकून शोधच सोडून बसला, तो बेकारांत मोजला जात नाही. तो हिशेबाबाहेर जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मोहल्ल्यात काम करणारे ९० आणि काम शोधणारे १० आहेत. बेकारी १० टक्के. आता त्या दहांपैकी पाच जण निराश होऊन घरी बसले. मोजण्यात उरले ९५, त्यात बेकार पाच. बेकारी झाली सुमारे सव्वापाच टक्के. कागदावर बेकारी निम्मी झाली, प्रत्यक्षात एकालाही काम मिळाले नाही.

हे केवळ गणित नाही. लाटविया हा बाल्टिक समुद्राकाठचा लहान देश. २००९ या एका वर्षात त्याचे उत्पन्न सुमारे १४ टक्क्यांनी घसरले. बेकारी भडकली. पुढे ती उतरली, पण तिच्या उतरण्यात एक भाग असा होता की हजारो तरुण देश सोडून आयर्लंड आणि ब्रिटनला निघून गेले. म्हणून जाणकार लोक केवळ बेकारीचा दर पाहत नाहीत. एकूण किती लोक कामावर आहेत, किती तास काम मिळते आणि किती लोक गाव सोडून गेले, हेही पाहतात.

४. तिसरी वही : कामांची प्रतवारी

कापडाचा व्यापारी तागे मोजतो, पण तेवढ्याने भागत नाही. कोणत्या जातीचा माल किती, हेही पाहतो. नोकऱ्यांचे तसेच आहे. हजार गेल्या आणि हजार आल्या, तर हिशेब बरोबर झाला का? गेलेल्या नोकऱ्या चांगल्या पगाराच्या आणि आलेल्या हलक्या असतील, तर गाव गरीबच झाले.

तिसरी वही हेच पाहते. तिची रीत अशी : धंदा आणि हुद्दा यांची जोडी म्हणजे एक 'काम'. जसे, बांधकामातील गवंडी, इस्पितळातील परिचारिका, कापड कारखान्यातील यंत्रचालक. अशी सगळी कामे पगाराच्या क्रमाने लावायची. मग सर्वांत कमी पगारापासून सर्वांत अधिक पगारापर्यंत पाच भाग करायचे; प्रत्येक भागात सुरुवातीला सुमारे एकपंचमांश कामगार येतील असे. नंतर दरवर्षी पाहायचे की कोणता भाग फुगला आणि कोणता आटला.

२००८ च्या मंदीत काय दिसले? सर्वांत जास्त मार मधल्या भागांना बसला. कारखान्यांतील आणि बांधकामातील मध्यम पगाराच्या नोकऱ्या मोठ्या संख्येने गेल्या. त्या बहुतेक पुरुषांच्या होत्या. वरच्या पगाराची कामे मंदीतही वाढत राहिली. २०२० च्या साथीत चित्र उलटे झाले. हॉटेले, दुकाने, केशकर्तनालये बंद झाली आणि सर्वांत हलक्या पगाराची माणसे, त्यांतही बाया आणि तरुण, आधी बाहेर पडली. जे घरी बसून संगणकावर काम करू शकत होते ते तरले. प्रत्येक संकट वेगळ्या दारातून येते. म्हणून मागच्या संकटाचा उपाय पुढच्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

५. एकच संकट, दोन निकाल

आता या वह्यांमधून निघालेला सर्वांत मोठा धडा पाहू. २००९ साली जर्मनीचे उत्पन्न पाच टक्क्यांहून अधिक घसरले. स्पेनचे त्याहून कमी, चार टक्क्यांच्या आत घसरले. साहजिकच कोणी म्हणेल, जर्मनीत बेकारी जास्त वाढली असेल. झाले उलटे. जर्मनीत बेकारी किंचितच वाढली. स्पेनमध्ये ती २००७ साली आठ टक्क्यांच्या आसपास होती, २००९ साली सुमारे अठरा टक्के झाली आणि २०१३ साली सव्वीस टक्क्यांवर गेली. पंचवीस वर्षांखालील तरुणांत तर काम शोधणाऱ्या दर दोघांपैकी एकाहून अधिक बेकार होता.

हे असे का झाले? जर्मनीत 'कुर्त्सआर्बाइट' नावाची जुनी रीत आहे. शब्दाचा अर्थ कमी वेळेचे काम. मागणी घटली की मालक माणसाला काढत नाही, त्याचे तास कमी करतो. बुडालेल्या निव्वळ पगाराचे ६० टक्के, आणि मुले असतील तर ६७ टक्के, बेकारी विम्याच्या निधीतून मिळतात. २००९ च्या मे महिन्यात सुमारे १५ लाख कामगार या सवलतीत होते. शिवाय अनेक कारखान्यांत तासांचे खाते असते. तेजीत जास्त तास काम केले की ते जमा होतात, मंदीत तेच वापरता येतात. मागणी परत आली तेव्हा जर्मन कारखानदाराचा तयार कारागीर जागेवरच होता.

स्पेनमध्ये मंदीपूर्वी सुमारे एकतृतीयांश नोकरदार तात्पुरत्या करारावर होते. त्यांना काढणे सोपे आणि स्वस्त होते. त्यातच तेथील तेजी घरबांधणीवर उभी होती. घरे विकणे थांबले, करार संपले, माणसे घरी गेली. एकीकडे कामाचे तास कापले गेले, दुसरीकडे माणसे कापली गेली. एवढ्याच फरकाने एक देश सावरला आणि दुसऱ्याची एक पिढी मागे पडली.

पण स्पेन शिकला, हेही सांगितले पाहिजे. २०२० साली साथ आली तेव्हा स्पेनने माणसे तात्पुरती घरी बसवून सरकारी मदतीतून त्यांची भाकरी चालू ठेवण्याची आपली योजना मोठ्या प्रमाणावर राबवली. ऐन संकटात ३० लाखांहून अधिक कामगार त्या योजनेत होते. जर्मनीत ही संख्या एप्रिल २०२० मध्ये सुमारे ६० लाखांवर गेली. युरोपीय संघाने अशा योजनांसाठी १९ देशांना मिळून सुमारे ९,८०० कोटी युरो कर्जाऊ दिले. परिणाम असा की उत्पन्न जोरात आपटले, तरी बेकारी २०१३ सारखी भडकली नाही. संघातील बेकारी २०१३ साली सुमारे अकरा टक्के होती. २०२४ साली ती सहा टक्क्यांच्या आसपास होती. मागच्या संकटाची वही ठेवली होती, म्हणून पुढच्या संकटात कोठे हात घालायचा ते कळले.

६. कापडाचा धडा

आपल्या धंद्याचे उदाहरण आपल्याला लवकर पटते. १९७४ पासून कापड आणि कपड्यांच्या जागतिक व्यापारावर कोट्याचे बंधन होते. आपल्याकडे निर्यातदार कोट्यासाठी धावत, कोटा प्रीमियमने विकला जाई, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. १९९५ साली लागू झालेल्या करारात ठरले होते की दहा वर्षांत ही बंधने उठवायची. त्याची टप्पेवारीही लिहून दिली होती : १९९५ ला १६ टक्के, १९९८ ला १७ टक्के, २००२ ला १८ टक्के आणि १ जानेवारी २००५ ला उरलेले ४९ टक्के.

तारीख दहा वर्षे आधी ठाऊक होती. तरीही श्रीमंत देशांनी खरी कळीची बंधने शेवटच्या दिवसापर्यंत ताणून धरली. २००५ उजाडले आणि चिनी मालाचा लोंढा युरोपात आला. जूनमध्ये युरोपीय संघ आणि चीन यांनी घाईघाईने २००७ अखेरपर्यंतची नवी मर्यादा ठरवली. ऑगस्टमध्ये कोट्यवधी कपडे युरोपच्या बंदरांत अडकून पडले. दुकानदारांनी पैसे भरलेले आणि माल गोदीत, असा तमाशा झाला. तहान लागल्यावर विहीर खणणे म्हणतात ते हेच.

कोण तरले? उत्तर पोर्तुगालमधील कापड पट्ट्यात बरेच कारखाने बुडाले. पण काहींनी स्वस्त मालाची शर्यत सोडली. लहान ऑर्डर, झटपट माल, चांगला दर्जा आणि कामाच्या गरजेचे खास कापड, हा मार्ग धरला. शेजारच्या स्पेनमधील मोठ्या कपडे कंपन्यांना आठ-पंधरा दिवसांत माल हवा असतो; तो आशियातून जहाजाने येऊ शकत नाही. जवळ असणे हीच त्यांची पुंजी ठरली. ज्यांनी बदल आधी वाचला त्यांच्याकडे वेळ होता. बाकीच्यांकडे फक्त तक्रार उरली.

७. जे वहीत येत नाही

इटलीत प्राटो नावाचे शहर आहे. चिंध्यांपासून पुन्हा लोकर काढण्यात त्याची जुनी ख्याती. पानिपतला ज्याला 'शॉडी' म्हणतात, तोच धंदा. गेल्या पंचवीस वर्षांत तेथील जुने कापड कारखाने घटत गेले आणि चिनी स्थलांतरितांचे कपडे शिवण्याचे छोटे कारखाने वाढत गेले. त्यांतील बरेच काम नोंदीबाहेर चालत असे. १ डिसेंबर २०१३ रोजी अशाच एका कारखान्याला आग लागली आणि सात कामगार मेले. ते कारखान्यातच राहत आणि झोपत होते.

ज्याची नोंद नाही, त्याच्यासाठी आगीचा दरवाजा नाही, विमा नाही, भरपाई नाही. तो पहिल्या वहीत नव्हता, कारण कारखाना लहान. दुसऱ्या वहीत क्वचितच येणार, कारण पाहणीवाला दार वाजवतो तेव्हा तो दिसत नाही. युरोपची पद्धत चांगली आहे, पण तिलाही हा डोळा नाही. आपल्या भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना हे वाचून नवल वाटणार नाही.

८. नोंदीनंतर काय?

नुसत्या नोंदीने पोट भरत नाही. म्हणून २००७ पासून युरोपीय संघाने एक निधी चालवला आहे. मोठी कामगारकपात झाली की सरकार त्यातून मदत मागू शकते. सुरुवातीला किमान १,००० नोकऱ्या गेल्या तरच मदत मिळे. २००९ साली अट ५०० वर आणि २०२१ साली २०० वर आणली. हा पैसा कंपनीला जात नाही. तो कामगाराच्या नव्या शिक्षणाला, काम शोधण्याला, छोटा धंदा काढण्याला जातो. माल्टा आणि लिथुआनियातील कापड कामगारांना, तसेच लिमरिकच्या डेल कामगारांना त्यातून मदत मिळाली.

मात्र अतिशयोक्ती नको. या सगळ्या व्यवस्थेने कारखाने बंद होणे थांबलेले नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्रसेल्समधील ऑडी मोटारीचा कारखाना बंद झाला. सुमारे ३,००० कामगार होते. व्हिलव्हॉर्डपासून ते ठिकाण काही मैलांवर आहे. पण फरक पाहा. १९९७ साली बातमी आणि निर्णय एकाच दिवशी आले. या वेळी कायद्याप्रमाणे अनेक महिने चर्चा चालली. जर्मनीत फोक्सवॅगनने डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी करार केला : २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक नोकऱ्या कमी होतील, पण सक्तीने काढण्याऐवजी निवृत्ती आणि राजीखुशीच्या मार्गाने, आणि एकही कारखाना लगेच बंद होणार नाही. नोंद संकट टाळत नाही. पण माणसाला तयारीची मुदत देते. मुदतीची किंमत व्यापाऱ्याला कोणी शिकवावी?

९. आपण काय घ्यावे?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आपल्या यंत्रमागांच्या गावांतून माणसे उत्तर प्रदेश, बिहारकडे निघाली; किती तरी जण पायी. त्या वेळी आम्ही आपल्याच बाजारातील मंडळींना विचारले, आपल्या गल्लीतून किती गेले? कोणी म्हणाला निम्मे, कोणी म्हणाला सगळे. मदतीचे धान्य वाटायचे तर यादी नव्हती. वर्षानुवर्षे ज्यांच्या हातचे कापड आम्ही विकले, त्यांची नावे आमच्या खतावणीत नव्हती. हे लिहिताना आम्हाला लाज वाटते.

डब्लिनसारखे केंद्र आपण उभारू शकत नाही. पण प्रत्येक बाजाराची, प्रत्येक व्यवसायाची संघटना एक साधी वही ठेवू शकते. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, पाच रकाने भरायचे :

(१) किती माग किंवा यंत्रे चालू आहेत आणि किती पाळ्यांत.
(२) किती माणसे कामावर आहेत. त्यांत कायमची किती, रोजंदारीची किती.
(३) आठवड्याला सरासरी किती दिवस काम मिळाले.
(४) किती जण काम सोडून गेले आणि कोठे : गावी, दुसऱ्या धंद्यात की घरी बसून.
(५) कारण. आणि हे कारण ऐकीव नको. मागणी, सूत, वीज, उधारी की नवे यंत्र, ते विचारून लिहायचे.

वही मालक, व्यापारी आणि कारागीर अशा तिघांसमोर भरावी, म्हणजे तिच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. एका महिन्याच्या आकड्याला काही अर्थ नसतो. बारा महिने झाले की वही बोलू लागते, आणि तीन वर्षे झाली की मंदी येण्याआधीच कानाशी कुजबुजते. माणसे कमी होण्याआधी कामाचे दिवस कमी होतात; तिसरा रकाना ते सर्वांत आधी सांगेल.

आणखी एक गोष्ट जर्मनांकडून घेण्यासारखी आहे. मंदी आली की आपण पहिल्या झटक्यात माणूस काढतो. त्याऐवजी सहा दिवसांचे काम चार दिवसांत वाटले, तर कारागीर टिकतो. तेजी आल्यावर नवा माणूस शोधून शिकवण्याचा खर्च वाचतो. आपल्यामागे सरकारी निधी नाही, हे खरे. पण तेजीच्या महिन्यांत तागामागे चार आणे बाजूला टाकणारी एखादी पेढी किंवा संघटना निघाली, तर तोच निधी होईल.

शेवटी प्रत्येक वाचकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. माझा माल शेवटी कोण विकत घेतो आणि त्याची रोजी आज कशी आहे? माझ्या धंद्यात पुढच्या पाच वर्षांत कोणती तारीख आताच लिहिलेली आहे, जिच्याकडे मी डोळेझाक करतो आहे? आणि माझ्या मालावर ज्यांचे हात फिरतात, त्या सगळ्यांची नावे मला लिहून काढता येतील काय?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला २०२० साली देता आले नाही. आज आमच्या खतावणीच्या शेवटच्या पानांवर ती नावे आहेत. एकूण एकेचाळीस. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला आम्ही ती पुन्हा मोजू.